फलनाची निवड आणि लोकसंख्येचे अंदाज : एक चिकित्सक विवेचन

सारांश : उपलब्ध आकडेवारीवर गणिती फलन बसविताना निर्धारण गुणांक (आर-वर्ग) ज्या फलनाचा सर्वांत मोठा, ते फलन योग्य, असा समज महाविद्यालयीन प्रकल्पांत आणि कित्येक शासकीय आराखड्यांतही रूढ झालेला दिसतो. भारताच्या व बृहन्मुंबईच्या जनगणनेची आकडेवारी, तसेच लोकसंख्याशास्त्राच्या इतिहासातील दोन गाजलेली सूत्रे यांच्या आधारे या समजाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. फलनाचा प्रकार हा वाढीच्या कारणाविषयीचा दावा असतो आणि त्याची परीक्षा त्या कारणाच्या कसोटीवरच व्हावयास हवी, हे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : फलन, घातांकी वृद्धी, लॉजिस्टिक वक्र, निर्धारण गुणांक, बहिर्वेशन, जनगणना

प्रस्तावना

न्यूनतम वर्ग पद्धतीने आकडेवारीवर वक्र बसविणे हे पूर्वी कष्टाचे काम होते. सरळ रेषेसाठीही बेरजांचे लांबलचक तक्ते मांडावे लागत. संगणकावरील तक्त्यांच्या प्रणालींमुळे हे काम क्षणाचे झाले. बिंदू मांडावेत, रेषीय, बहुपदी, घातांकी वा लॉगरिदमी यांपैकी एक पर्याय निवडावा आणि आलेखाच्या कोपऱ्यात उमटलेला आर-वर्ग वाचावा, एवढेच विद्यार्थ्याच्या वाट्याला उरले. आकडेमोडीचे कष्ट वाचले हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यासोबत एक प्रश्नही नकळत वगळला गेला. हेच फलन का, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. शहराची पाणीपुरवठा योजना पुढील सुमारे तीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज धरून आखली जाते. शाळा, रुग्णालये, शिधावाटप यांचे नियोजनही अशाच अंदाजांवर उभे असते. भारतात २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी होऊ शकली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख १६ जून २०२५ रोजी अधिसूचित झाली. म्हणजे २०११ नंतर दीड दशकाहून अधिक काळ देशाच्या लोकसंख्येचा जो आकडा वापरला गेला, तो मोजलेला नसून अंदाजलेला होता. अशा वेळी फलनाची निवड हा तांत्रिक तपशील राहत नाही.

प्रत्येक फलन काय सांगते?

फलनांचे प्रकार पाठ्यपुस्तकांत सूत्रांच्या रूपाने येतात. मात्र प्रत्येक सूत्रामागे वाढीविषयीचे एक विधान दडलेले असते. रेषीय फलन सांगते की, लोकसंख्या कितीही असो, दर दशकात तितक्याच माणसांची भर पडते. घातांकी फलन सांगते की, दर दशकात भर पडते ती आधीच्या लोकसंख्येच्या ठरावीक प्रमाणात. थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलेली भूमितीय वाढ ती हीच. जन्मदर व मृत्युदर यांतील अंतर स्थिर असेल तर हे विधान खरे ठरते.

बेल्जियमचे गणिती पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये या विधानात दुरुस्ती सुचविली. लोकसंख्या वाढते तसा वाढीचा दर सरळ प्रमाणात घटतो आणि शेवटी एका कमाल मर्यादेपाशी वाढ थांबते, असे त्यांचे फलन सांगते. त्याला त्यांनी १८४५ मध्ये लॉजिस्टिक हे नाव दिले. याउलट अपास्ती फलन सांगते की, लोकसंख्या जितकी मोठी तितका वाढीचा दरही मोठा. वर्ग फलन, म्हणजेच अन्वस्त, सांगते की दर दशकाची भर ही आधीच्या दशकाच्या भरीपेक्षा एका ठरावीक आकड्याने जास्त असते. माणसांच्या जन्ममृत्यूंशी या शेवटच्या विधानाचा कोणताही संबंध दाखविता येत नाही. असे असूनही आर-वर्गाच्या स्पर्धेत बहुधा तेच पुढे असते. याचे उदाहरण पुढे येत आहे.

भारताची जनगणना : एक तपासणी

जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या १९५१ मध्ये ३६.११ कोटी, १९६१ मध्ये ४३.९२, १९७१ मध्ये ५४.८२, १९८१ मध्ये ६८.३३, १९९१ मध्ये ८४.६४, २००१ मध्ये १०२.८७ आणि २०११ मध्ये १२१.०९ कोटी होती. यांपैकी केवळ १९५१ ते १९९१ हे पाच आकडे हाती आहेत आणि २०११ चा अंदाज करावयाचा आहे, असे गृहीत धरून चार फलने बसविली असता पुढील चित्र मिळते. घातांकी फलनाचा आर-वर्ग लोकसंख्येचे लॉगरिदम घेऊन काढला आहे.

तक्ता क्र. १ : १९५१-१९९१ च्या आकड्यांवर बसविलेली फलने व २०११ चा अंदाज (कोटी)

| फलन | आर-वर्ग | अंदाज | प्रत्यक्षाशी फरक |
|---|---|---|---|
| रेषीय | ०.९८१७ | १०६.१५ | −१४.९४ |
| घातांकी | ०.९९९६ | १२९.७२ | +८.६३ |
| वर्ग (अन्वस्त) | ०.९९९९९ | १२५.७६ | +४.६७ |
| चतुर्घाती बहुपदी | १ | १२९.७७ | +८.६८ |

या तक्त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, पाचही बिंदूंतून तंतोतंत जाणारी चतुर्घाती बहुपदी अंदाजात अन्वस्तापेक्षा जवळजवळ दुप्पट चुकते. पाच बिंदूंतून पाच प्राचलांचे बहुपदी फलन नेहमीच जाते. त्यात देशाच्या लोकसंख्येविषयी काहीही सिद्ध होत नाही, केवळ समीकरणे सोडविली जातात. दुसरी गोष्ट म्हणजे, सरळ रेषेचा आर-वर्गही ०.९८ आहे. एखाद्या प्रकल्पात हा आकडा समाधानकारक मानला जाईल. परंतु रेषेपासूनचे फरक पाहिले तर ते अनुक्रमे धन, ऋण, ऋण, ऋण व धन असे येतात. टोकांचे बिंदू रेषेच्या वर आणि मधले सर्व खाली, अशी ही शिस्तबद्ध मांडणी आहे. फरक जर केवळ योगायोगाचे असते तर त्यांत अशी शिस्त दिसली नसती. आकडेवारीला बाक आहे हे फरकांची चिन्हे सांगतात, आर-वर्ग मात्र ते झाकून ठेवतो.

तक्त्यात अन्वस्त सर्वांत कमी चुकलेले दिसते. मग तेच योग्य म्हणावे काय? या फलनाला मागे नेऊन पाहिले की उत्तर मिळते. हेच अन्वस्त १९२८ च्या सुमारास आपल्या नीचतम बिंदूवर येते आणि त्याआधी मागे जाताना पुन्हा वर चढते. त्याच्या मते १९०१ मध्ये भारताची लोकसंख्या ३८.३७ कोटी, म्हणजे १९५१ पेक्षाही अधिक होती. प्रत्यक्षात १९०१ ची नोंद २३.८४ कोटी आहे. आर-वर्ग ०.९९९९९ असलेले फलन एवढे विसंगत विधान करते, याचे कारण त्या फलनाला वाढीचे कोणतेही कारण ठाऊक नाही.

घातांकी फलनही मागे नेल्यास चुकतेच. ते १९०१ साठी १२.२५ कोटी, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्मा आकडा देते. पण ही चूक वेगळ्या जातीची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळ, प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांमुळे मृत्युदर फार मोठा होता. १९११ ते १९२१ या दशकात तर लोकसंख्या किंचित घटली. स्वातंत्र्योत्तर काळात मृत्युदर झपाट्याने उतरला. दोन कालखंडांत वाढीचे कारणच बदलले असल्याने एकाच्या आकड्यांवर बेतलेले फलन दुसऱ्याला लागू पडत नाही. येथे चूक आपल्याला काही शिकविते. अन्वस्ताच्या चुकीतून तेही हाती लागत नाही.

आकड्यांतच असलेली सूचना

२०११ चा अंदाज १९९१ मध्ये उभे राहून बरा करता आला असता काय? त्यासाठी फलन बसविण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी पाहावयास हव्यात, लगतच्या आकड्यांतील फरक आणि त्यांचे गुणोत्तर. फरक सारखे येत असतील तर रेषीय फलनाचा विचार करता येतो. गुणोत्तर सारखे येत असेल तर घातांकी फलनाचा.

भारताच्या बाबतीत दशवार्षिक वाढीची टक्केवारी १९६१ पासून अनुक्रमे २१.६, २४.८, २४.६, २३.९, २१.५ आणि १७.७ अशी आहे. म्हणजे १९९१ पर्यंतच ती २४.८ वरून २३.९ वर आली होती. उतार लहान होता, पण सलग दोन दशके एकाच दिशेने होता. स्थिर दर हे घातांकी फलनाचे मूळ गृहीतक आणि नेमके तेच ढासळू लागले होते. संपूर्ण कालखंडाचा एकच आर-वर्ग काढला की ही सूचना ०.९९९६ या आकड्यात विरून जाते.

या उताराचे कारणही आकड्यांबाहेर उपलब्ध होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत एकूण जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये, ३.४ आढळला. तो २००५-०६ मध्ये २.७ आणि २०१९-२१ मध्ये २.० झाला. महानिबंधक कार्यालयाच्या तांत्रिक गटाने १९९६ मध्ये १९९१ च्या जनगणनेवर आधारलेले जे अंदाज प्रसिद्ध केले, त्यांत २०११ साठी सुमारे ११८ कोटी हा आकडा होता. तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३ कोटींनी कमी पडला, तरी तक्त्यातील चारही फलनांपेक्षा तो सत्याच्या जवळ होता. या गटाने काळाचे कोणतेही एक फलन वापरले नव्हते. वयोगटनिहाय लोकसंख्या घेऊन तिच्यावर जन्म, मृत्यू व स्थलांतर यांचे दर लावीत पुढे जाण्याची ती पद्धत होती. कारणांपासून आरंभ केलेला अंदाज वक्रापासून आरंभ केलेल्या अंदाजापेक्षा सरस ठरला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दोन गाजलेली सूत्रे

कारणाचा विचार करून निवडलेले फलनही कायमचे विश्वासार्ह ठरते असे नाही. अमेरिकेतील रेमंड पर्ल व लोवेल रीड यांनी १९२० मध्ये तेथील १७९० ते १९१० च्या जनगणनांवर लॉजिस्टिक वक्र बसविला. वक्र आकड्यांवर उत्तम बसला आणि त्याने अमेरिकेच्या लोकसंख्येची कमाल मर्यादा १९.७३ कोटी अशी दिली. १९५० साठी या सूत्राचा अंदाज १४.८७ कोटी होता आणि प्रत्यक्ष आकडा सुमारे १५.१ कोटी आला. तीस वर्षे टिकलेल्या या यशाने सूत्राची प्रतिष्ठा वाढली. पुढे मात्र १९७० मध्ये सूत्राने १६.८ कोटी सांगितले असताना जनगणनेत २०.३ कोटी लोकसंख्या नोंदली गेली. जी मर्यादा कधीच ओलांडली जाणार नव्हती ती पन्नास वर्षांत मागे पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेला जन्मदर सूत्रात असणे शक्य नव्हते. सूत्राची मर्यादा निसर्गाने घातलेली नव्हती. ती १७९० ते १९१० च्या आकड्यांतून काढलेला एक प्राचल होती.

दुसरे सूत्र हाइन्झ फॉन फोर्स्टर, पॅट्रिशिया मोरा व लॉरेन्स अमियट यांचे. त्यांनी १९६० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे दोन हजार वर्षांच्या जागतिक लोकसंख्येवर अपास्ती फलन बसवून दाखविले. अपास्ताचा स्वभाव असा की, ते एका निश्चित क्षणी अनंताला जाते. तो क्षण या सूत्रानुसार १३ नोव्हेंबर २०२६ हा आला आणि ती तारीख लेखाच्या शीर्षकातच होती. या सूत्रात २०२० हे वर्ष घातल्यास जगाची लोकसंख्या सुमारे २६६० कोटी येते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ८०० कोटींचा टप्पा १५ नोव्हेंबर २०२२ रोजी गाठला गेला. जगाचा वार्षिक वाढदर १९६० च्या दशकात दोन टक्क्यांवर पोहोचला आणि त्यानंतर घटत जाऊन २०२० च्या सुमारास एक टक्क्याच्या खाली आला. लोकसंख्या वाढली की दर वाढतो, हे अपास्ताचे विधान नेमके ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दशकातच खोटे ठरू लागले. दोन हजार वर्षांच्या आकड्यांवर बसलेले फलन पुढील साठ वर्षे टिकले नाही, कारण आकडे जितके जुने तितकी त्यांमागील कारणे अबाधित असतात असे नाही.

भारतासाठी आज लॉजिस्टिक फलन निवडू पाहणाऱ्यानेही या दोन उदाहरणांवरून सावध व्हावयास हवे. १९९१-२००१ व २००१-२०११ या दशकांत भर अनुक्रमे १८.२३ व १८.२२ कोटींची, म्हणजे जवळजवळ सारखी आहे. वक्राचा वळणबिंदू याच सुमारास, २००१ च्या आसपास मानला, तर लॉजिस्टिक वक्राच्या सममितीनुसार कमाल मर्यादा त्या वेळच्या लोकसंख्येच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २०६ कोटी येते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात मात्र भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे १७० कोटींवर पोहोचून त्यानंतर घटू लागेल, असे म्हटले आहे. जननदर २.१ या प्रतिस्थापन पातळीखाली राहिल्यास कालांतराने लोकसंख्या घटते. लॉजिस्टिक वक्राला तर घटणे माहीतच नाही. तो मर्यादेजवळ जाऊन थांबतो. म्हणून येथे प्राचल बदलून भागणार नाही, फलनाचा प्रकारच अपुरा आहे.

बृहन्मुंबई : प्रश्न पाण्याचा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शहराच्या लोकसंख्येचा अंदाज करण्यासाठी अंकगणितीय वृद्धी, भूमितीय वृद्धी व वाढीव वृद्धी या तीन पद्धती प्रामुख्याने शिकविल्या जातात. त्या अनुक्रमे रेषीय, घातांकी व वर्ग फलनांचीच व्यावहारिक रूपे होत. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ मध्ये ४१.५२ लाख, १९७१ मध्ये ५९.७१, १९८१ मध्ये ८२.४३, १९९१ मध्ये ९९.२६ आणि २००१ मध्ये ११९.७८ लाख होती. या पाच आकड्यांवरून २०११ साठी अंकगणितीय पद्धती १३९.३५ लाख, वाढीव वृद्धी पद्धती १४०.१२ लाख आणि भूमितीय पद्धती १५६.१० लाख असा अंदाज देते. २०११ च्या जनगणनेत प्रत्यक्ष आकडा १२४.४२ लाख आला.

भूमितीय पद्धतीची चूक सुमारे ३२ लाखांची आहे. महानगरांसाठी दरडोई दररोज १५० लिटर हा मापदंड धरला तर ही चूक दररोज सुमारे ४७.५ कोटी लिटर पाण्याची होते. याचा अर्थ तेवढे पाणी शहराला नको होते, असा नव्हे. याच काळात शेजारच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मधील ५२.४९ लाखांवरून २००१ मध्ये ८१.३२ लाख व २०११ मध्ये ११०.६० लाख झाली. मुंबईत न परवडणारी घरे, बंद पडलेल्या गिरण्या आणि उपनगरी रेल्वेच्या आधाराने बाहेर पसरणारी वस्ती यांमुळे वाढ महापालिकेच्या हद्दीपलीकडे सरकली. तहान होतीच, ती दुसऱ्या गावी गेली होती. तीनही पद्धती एकाच शहराच्या आकड्यांत डोकावीत असल्याने त्यांना हे दिसणे शक्य नव्हते. अशा वेळी तीनपैकी कोणती पद्धत निवडावी यावर घातलेला वाद व्यर्थ ठरतो. प्रश्नाची सीमाच चुकीची आखली गेली होती.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप संभवतो की, बहुपदी फलनांवर ही टीका अन्यायकारक आहे, कारण ती अंतर्वेशनासाठी असतात, बहिर्वेशनासाठी नव्हे. हा आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. १९७६ ची लोकसंख्या हवी असल्यास वर उल्लेखिलेले अन्वस्त उपयुक्त आहे, कारण दोन्ही बाजूंचे मोजलेले आकडे त्याला सावरून धरतात. परंतु आक्षेपातूनच मूळ मुद्दा पुढे येतो. फलन योग्य की अयोग्य हे त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, यावर अवलंबून असते. आर-वर्ग हा आकडा मात्र कामाचा विचारच करीत नाही. दोन्ही कामांसाठी तो तोच राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. फलनाचा प्रकार निवडणे म्हणजे वाढीच्या कारणाविषयी विधान करणे होय. ते विधान शब्दांत मांडता येत नसेल तर फलन बसविण्याची घाई करू नये.

२. वक्र बसविण्यापूर्वी फरक व गुणोत्तरे आणि बसविल्यानंतर शिल्लक फरकांची चिन्हे तपासावीत. एकट्या आर-वर्गावर निवड सोपवू नये.

३. उपलब्ध आकड्यांपैकी शेवटचे एक-दोन आकडे बाजूला ठेवून फलनाची परीक्षा घ्यावी आणि फलन मागेही नेऊन पाहावे. विसंगत भूतकाळ सांगणाऱ्या फलनाच्या भविष्यावर विश्वास ठेवण्यास आधार नसतो.

४. अंदाज एका आकड्यात न देता निरनिराळ्या गृहीतकांनुसार येणारा पल्ला द्यावा आणि गृहीतके सोबत नमूद करावीत.

महाविद्यालयीन प्रकल्पांच्या मूल्यमापनात आर-वर्गाच्या आकड्यासोबत 'हे फलन का?' या प्रश्नाच्या उत्तराला गुण ठेवले गेले, तर या दिशेने मोठा बदल घडू शकेल. संगणक वक्र काढून देतो, परंतु निवडीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. आकडे मोजले जाईपर्यंत अंदाजांवर ज्यांचे पाणी, धान्य व शाळा ठरतात त्या माणसांच्या दृष्टीने ही जबाबदारी लहान नाही.